रास्पबेरी पायवर के३एस: नोड ‘रेडी’ दिसतो, पण तब्येत?

पावसाळ्याच्या आधीपासून घरी तीन रास्पबेरी पाय ४ (छोटे, स्वस्त संगणक) वर के३एस, म्हणजे कुबरनेटिसची हलकी आवृत्ती, चालवतोय. कुबरनेटिस म्हणजे अनेक यंत्रांवर (नोडवर) मिळून प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारी व्यवस्था. एक सर्व्हर (सूत्रं हलवणारा), दोन एजंट (कामं करणारे). बसवणं सोपं आहे: एकच बायनरी, तीही शंभर एमबीच्या आत, आणि क्लस्टरची माहिती साठवायला एटसीडीच्या जागी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. त्याबद्दल तक्रार नाही.

खरा कस लागतो तो नोड ठीक आहे का हे कळण्यात. ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ ही कमांड मारली की ‘रेडी’ येतं, पण त्याचा अर्थ एवढाच की क्यूबलेट (नोडवरचा कुबरनेटिसचा कारभारी) जिवंत आहे, कंटेनर रनटाइम आणि नेटवर्क उभं आहे. माझा सर्व्हर एसडी कार्डावर धापा टाकत होता तेव्हाही तो ‘रेडी’च होता! पत्ता लागला जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे लिनक्सचे लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये. के३एसच्या लॉगमध्ये ‘स्लो एसक्यूएल’च्या (डेटाबेस मंद असल्याच्या) ओळींची रांग. डेटा यूएसबी एसएसडीवर हलवला आणि त्या ओळी थांबल्या.

पॉवरचं तर कुबरनेटिसला काहीच कळत नाही. स्वस्तातल्या चार्जरवर व्होल्टेज पडतं, पाय स्वतःचा वेग कमी करतो आणि आपण पॉडला (कंटेनरच्या गटाला) शिव्या घालतो. पायच्या ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ कमांडचं उत्तर शून्य यायला हवं. ०एक्स५०००० आलं, तर बूट झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आणि वेगही कापला गेला, असं समजा. मी आता सगळ्यात आधी हेच बघतो.

‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब नोड’मधल्या कंडिशन्स (नोडच्या स्थितीच्या नोंदी) वाचाव्यात, पण ‘डिस्कप्रेशर’च्या, म्हणजे जागा संपत आल्याच्या इशाऱ्याच्या, भरवशावर राहू नये. मूळ कुबरनेटिस नोडची डिस्क १० टक्के उरली की ओरडतं. के३एस ५ टक्क्यांपर्यंत गप्प. ३२ जीबीच्या कार्डावर म्हणजे जेमतेम दीड जीबी. एखादी मोठी इमेज (कंटेनरचं पॅकेज) ओढली की तेवढं संपलंच. म्हणून न वापरलेल्या इमेज काढायला अधूनमधून ‘क्रिकटीएल आरएमआय --प्रून’ चालवतो.

आणखी एक. एजंटची वायर काढली तर पाऊण-एक मिनिटात ‘नॉट रेडी’ दिसतं, पण त्यावरचे पॉड दुसरीकडे जायला वर आणखी पाच मिनिटं लागतात. टॉलरेशनची (बंद नोडवर पॉडने किती वेळ थांबायचं त्याची) ३०० सेकंदांची ही मुदत डेप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे पॉड कसे चालवायचे ते सांगणाऱ्या व्याख्येत, कमी करता येते. घरच्या डीएनएससाठी (वेबसाइटच्या नावांवरून पत्ते शोधणाऱ्या सेवेसाठी) मी ती ३० वर आणली. नाहीतर तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद, आणि मग उत्तरं मला द्यावी लागतात.

सीपीयू-मेमरीचा वापर मोजणारा मेट्रिक्स सर्व्हर के३एससोबतच येतो, त्यामुळे ‘क्यूबसीटीएल टॉप नोड्स’ लगेच चालतं. एवढ्या छोट्या क्लस्टरसाठी प्रोमिथियस (देखरेखीचं मोठं सॉफ्टवेअर) मी मुद्दाम बसवलेलं नाही. एक जीबीच्या पायवर देखरेखीचाच भार जास्त झाला असता.