टीपीपीटीएस: सात महिने वापरला, मधे बेळगावचा पावसाळा

मे महिन्यात आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये टीपीपीटीएसची ५ ग्रॅमची बाटली आली. नाव नवीन वाटत असेल तर: आपलं रोजचं ट्रायफिनाइलफॉस्फीन (पॅलेडियमसारख्या धातूला धरून ठेवणारा रेणू, म्हणजे लिगंड), फक्त तिन्ही कड्यांवर एकेक सल्फोनेट आणि सोबत तीन सोडियम. तेवढ्यानं हा लिगंड एक लिटर पाण्यात किलोभर सहज विरघळतो. किंमत मात्र झोंबते.

पहिलं काम सुझुकी कपलिंगचं, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीनं दोन कडी जोडायचं. बेत असा, की पॅलेडियम आणि लिगंड पाण्यात राहतील, प्रॉडक्ट वेगळं निघेल, आणि तेच पाणी पुन्हा वापरता येईल. ४-ब्रोमोबेंझोइक ॲसिड, फिनाइलबोरॉनिक ॲसिड, पॅलेडियम ॲसिटेट, सोडियम कार्बोनेट आणि पाणी. टोल्युइन नाही, डीएमएफ नाही, सेंद्रिय द्रावकच नाही. टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) ब्रोमाइडचा स्पॉट लवकरच गेला, मी खूश. इथिल ॲसिटेटनं काढायला गेले तर वरच्या थरात काहीच नाही! असणार कसं? कार्बोनेटच्या बेसमध्ये प्रॉडक्टही सोडियमचं मीठ होऊन कॅटॅलिस्टशेजारीच बसलेलं. ॲसिड घातल्यावर पांढरा साका पडला, पण तेच पाणी पुन्हा वापरायचा बेत तिथंच बारगळला.

मग ४-ब्रोमोॲनिसोल घेतलं. ते पाण्यात शिरायलाच तयार नाही. रात्रभर ढवळूनही बरंचसं तसंच. थोडं ॲसिटोनायट्राइल घातल्यावर हललं, पण मग निव्वळ पाण्याची फुशारकी कशाला मारायची?

जर्मनीत ओबरहाउझेनला १९८४ पासून हाच लिगंड ऱ्होडियमसोबत प्रोपीनचं ब्युटिरल्डिहाइड करतो. तिथं जमतं, कारण प्रोपीन पाण्यात कामापुरतं उतरतं आणि अल्डिहाइड वेगळा थर करून बाहेर पडतं. ऑक्टीनसारखी लांब साखळी आली की तिथंही गाडी अडते. हे आधी नीट वाचलं असतं तर माझा दीड महिना वाचला असता.

जुलैत आमच्या लॅबमधल्या मामांनी बाटली हलवून दाखवली, "काय ओ मॅडम, मिठाचा खडा झालाय की ह्याचा!" झाकण मीच सैल ठेवलं होतं. खानापूरला आई मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते, इथं तेही सुचलं नाही. पण ओल एकवेळ परवडते, खरा घात हवेतल्या ऑक्सिजनचा. पाण्यात करून ठेवलेलं द्रावण आठवडाभर आर्गॉनशिवाय राहिलं. फॉस्फरस एनएमआरला (फॉस्फरस कुठल्या रूपात आहे ते दाखवणाऱ्या चाचणीला) नमुना बाहेर पाठवला, तर चांगल्या लिगंडचा उणे ५ पीपीएमचा पीक खुरटलेला आणि ३५ च्या आसपास ऑक्साइडचा ताठ उभा.

शिवाय ॲसिटेटमधल्या +२ पॅलेडियमचं कपलिंगला लागणारं शून्य अवस्थेतलं पॅलेडियम करताना लिगंड स्वतःच ऑक्साइड होतो, म्हणजे थोडा तिथंही खर्ची पडतो. बेतानं घातला तेव्हा फ्लास्कच्या तळाला काळा पॅलेडियम बसला. आता पॅलेडियमच्या चौपट घालते, पाण्यातून आधी अर्धा तास आर्गॉन सोडते, आणि द्रावण त्या दिवशीचं त्याच दिवशी संपवते.

पुन्हा घेईन का? आम्लगट असलेल्या सब्स्ट्रेटसाठी (जोडायच्या रेणूसाठी) हो, रीसायकलच्या आशेनं नाही. आणि घेतलाच तर एक ग्रॅमच्या बाटल्या, त्याही पाऊस सरल्यावर.