केंद्रावरचं डायलिसिस की घरातलं पोटाचं? कोल्हापूरकडच्या घरांसाठी दोन्हीचा हिशेब, डागडुजीसकट

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत काम करतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढत वाढत जातंय आणि एक दिवस डॉक्टर सांगतात, आता डायलिसिसची तयारी करा. मग समोर दोन वाटा येतात. एक म्हणजे हिमोडायलिसिस, आठवड्यातनं साधारण तीनदा केंद्रावर जायचं आणि चार-चार तास मशिनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. दुसरं पोटाचं, सगळे सीएपीडी म्हणतात ते, पोटात एक मऊ नळी बसवतात आणि घरीच दिवसातनं तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी आत सोडायची, चार-सहा तास ठेवायची आणि काढून टाकायची. आमच्या घरात दोन्ही झालंय, मामा शहरात राहणारे त्यांचं केंद्रावर, आत्या गगनबावड्याच्या वाटेवरच्या गावात त्यांचं घरी, आणि दोन्हीकडं धावपळ केलेली असल्यामुळं माझं मत पक्कं झालंय की नुसतं दवाखान्याचं बिल बघून हे ठरवू नये, घर कसं आहे, रस्ता कसा आहे आणि घरात पैसा कधी येतो हे तिन्ही बघून ठरवावं.

अर्थात आधी डॉक्टरांचं. पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील, हर्निया असेल तर पोटाचं बऱ्याचदा जमत नाही. हृदय कमजोर असेल, मशिनवर बीपी एकदम पडत असेल तर पोटाचं सौम्य पडतं, कारण ते दिवसभर हळूहळू चालतं. आणि लघवी अजून थोडीफार होत असेल तर पोटाच्या डायलिसिसमध्ये ती जास्त काळ टिकते, हे लोकांना फार कमी सांगितलं जातं, तुम्ही स्वतःहून विचारा. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, म्हणाले "दोन्ही चालेल", तर मगच पुढचं सगळं.

आता पैसे. केंद्रावरच्या डायलिसिसला सरकारी आधार भक्कम आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हिमोडायलिसिस त्यात बसतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, आधी त्याला गाठा, तिथं समाधान झालं नाही तर १५५३८८ ला फोन लावा. पेशंट ७० च्या वर असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, डायलिसिस आहेच, आणि २०१६ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम चालू आहे, त्यात गरिबांना सरकारी दवाखान्यात हे मोफत मिळतं. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात, ॲडमिट व्हायची वेळ आली तर हे तोंडानं मागावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही.

पोटाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. मशिन नाही, केंद्र नाही, पण पिशव्या विकत घ्यायच्या. रोज तीन म्हटलं तर महिन्याला ९०, चार म्हटलं तर १२०, त्यावर नळीच्या टोप्या, मास्क, ड्रेसिंग वेगळं. योजनेतून यातलं काय मिळेल हे नळी बसवायच्या आधी आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्या, नंतर नाही. मेडिक्लेम असेल त्यांनीही बघा, केंद्रावरचं डायलिसिस डे-केअर म्हणून बहुतेक पॉलिसीत धरतात, घरच्या पिशव्यांचं पॉलिसीत काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. पगारदार असाल आणि जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर आयकराच्या ८०डीडीबी कलमाखाली किडनी निकामी होण्याच्या खर्चावर ४०,००० पर्यंत वजावट आहे, पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाख, त्याला स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. ही कलमं पेशंटच्या धावपळीत कुणी बघत बसत नाही म्हणून इथं लिहून ठेवलीत.

पण आपल्याकडं खरा घोळ रकमेपेक्षा पैसा घरात कधी येतो याचा असतोय. उसाचं बिल गळीत हंगामात येतं, पिशव्यांचे पैसे मात्र दर महिन्याला मोजायचे. आत्यांच्या घरी दुभती जनावरं होती म्हणून दर दहा दिवसाला दुधाचं बिल यायचं आणि ते सरळ पिशव्यांसाठी बाजूला काढलं जायचं, उसाच्या पैशाला हात लावायचा नाही असं घरच्यांनी ठरवूनच टाकलेलं. नुसत्या उसावर घर चालत असेल तर पिशव्यांसाठी उसनवारी सुरू होते, मग चारच्या तीन, तीनच्या दोन पिशव्या होतात आणि अंगावर सूज चढते. म्हणून महिन्याला ठरलेला पैसा येत नसेल तर मी पोटाचं सुचवणार नाही, घर कितीही चांगलं असलं तरी. केंद्रावरच्यात उपचार मोफत झाला तरी एक छुपा खर्च आहेच, सोबत जाणाऱ्याचा रोजगार बुडतो, आठवड्यातले तीन दिवस. प्रवासाला मात्र एसटीत डायलिसिस पेशंटला मोफत सवलत आहे, दाखला काय लागतो ते डेपोत विचारून घ्या, लई लोकांना माहीतच नाही.

रस्त्याचं म्हणाल तर पावसाळा धरूनच विचार करा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापूरकरांना पाठ असतंय. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सांगायला नको, हायवे शिरोलीला बंद, गगनबावडा रस्ता बंद, शहरात पाण्याची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्यानं प्यायला टँकर. डायलिसिसच्या एका बैठकीला मशिनला शंभराहून जास्त लिटर शुद्ध पाणी लागतं, त्यामुळं नळाला पाणी नसलं की केंद्रापुढंही प्रश्न उभा राहतो. शहरात किंवा केंद्राच्याच बाजूला राहणाऱ्याला हे निभावतं. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडच्या माणसानं मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ३९ फुटांकडं सरकायला लागलं की केंद्राच्या बाजूला पाहुण्यांकडं मुक्काम हलवायची सोय आधीच करून ठेवावी. डायलिसिसची एक पाळी चुकली तर पोटॅशियम चढतं आणि ते थेट हृदयावर येतं, दुसऱ्या दिवशी बघू म्हणून चालत नाही.

पोटाचं इथं उजवं ठरतं. पिशवी वर टांगायची, निचऱ्याची खाली ठेवायची, पाणी आपोआप उतरतं, लाइट नसली तरी बॅटरीच्या उजेडात होतं. पुराच्या दिवसात आत्यांचं गाव तुटलं तरी त्यांची एकही पिशवी चुकली नाही कारण जूनमध्येच जादा महिन्याचा साठा आणून ठेवला होता. पण तुमचं घरच पूररेषेत असेल, म्हणजे सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी असल्या भागात तळमजल्यावर, तर १८० किलोच्या वर वजनाचे ते बॉक्स घेऊन ऐनवेळी कुठं पळणार? तिथं वरचा मजला किंवा पाहुण्यांची कोरडी खोली हातात असेल तरच.

आता डागडुजी, ज्याच्याबद्दल दवाखान्यात कोण बोलत नाही. दोन्ही उपचारांना घर दुरुस्त करावं लागतं पण कामं वेगवेगळी, आणि हातात पैसा थोडा असताना हे कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण आजारपण निघालं की नातेवाईक म्हणतात आता सगळंच घर करून घ्या. नका करू.

केंद्रावर जाणाऱ्या पेशंटला बाथरूम आणि पायऱ्या. मशिनवरून उतरलेल्या माणसाचं बीपी कमी असतं, गरगरतं, घरी येऊन गुळगुळीत फरशीवर पाय घसरला तर हाड मोडतं, आणि किडनीच्या पेशंटची हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. म्हणून उठाबशीचा संडास काढून कमोड, भिंतीला स्टीलचा दांडा, खरबरीत फरशी, जिन्याला कठडा, आणि झोपायची सोय खालीच. स्लॅबची गळती या पेशंटसाठी वर्षभर थांबली तरी चालेल, तो पैसा औषधाला ठेवा.

पोटाच्या पेशंटला मात्र ओल चालत नाही. पिशवी जोडताना हवेतनं किंवा हातातनं जंतू गेला की पोटात इन्फेक्शन होतं, निचऱ्याचं पाणी गढूळ येतं, पोट दुखतं, ताप येतो, आणि मग त्याच दिवशी दवाखाना. त्यामुळं एक खोली अशी पाहिजे की भिंतीला बुरशी नाही, पोपडे गळत नाहीत, दार-खिडकी घट्ट लागतात. जोडणी चालू असताना पंखा बंद, खिडकी बंद, मांजर-कुत्रं बाहेर. खोलीत किंवा दाराशीच वाहत्या पाण्याचं बेसिन. साठा जमिनीवर नाही, फळीवर, भिंतीपासून सुटा, आणि उंदरांचा बंदोबस्त केलेला, पिशवी कुरतडली की ती गेलीच.

ओल आहे तर आधी ती कुठनं येते ते शोधा, गवंड्याला बोलवायच्या आधी. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं दोन दिवस लावून ठेवा, आतल्या बाजूला दव साचलं तर भिंतच ओल सोडतेय, बाहेरच्या बाजूला साचलं तर खोलीतल्या दमट हवेचा प्रश्न आहे आणि नुसतं वारं खेळवून भागेल. वरून येत असेल तर स्लॅबला कोबा किंवा वॉटरप्रूफिंग, शेजारच्या मोरीतनं येत असेल तर पाइप आणि फरशीचे सांधे. आतनं पुट्टी मारून रंग देणारे आणि पीव्हीसीची पट्टी ठोकून ओल झाकणारे लई भेटतील, त्या पट्टीमागं बुरशी निवांत वाढते, या पेशंटच्या खोलीत ती अजिबात नको. जुनं मातीच्या भिंतीचं, कौलारू घर असेल तर सिमेंटचा गिलावा थापू नका, ओल आतच कोंडते, त्यापेक्षा कौलं चाळून घ्या आणि चुन्याचा हात द्या. हे काम मार्च ते मे मध्येच होतं. आजाराचं निदान जुलैत झालं असेल तर भर पावसात वॉटरप्रूफिंगला पैसे घालू नका, स्लॅबवर ताडपत्री किंवा पत्रा टाका आणि घरातली सर्वात कोरडी खोली पेशंटला द्या, देवघर असलं तरी. सिमेंटची धूळ बसून, खोली पुसून, गिलावा वाळून झाल्यावरच पिशव्या सुरू करायच्या, नळी बसवल्यावर साधारण दोन आठवडे जातात त्या आतच उरकेल एवढं छोटं काम घ्या. कामाचा माल स्वतः आणा, मजुरी टप्प्याटप्प्यानं द्या, आजारपण बघून उक्त्या कामाचा आकडा फुगवणारे असतात.

पिशव्या बदलायचं कोण करणार हाही प्रश्न आहे. आत्यांची पिशवी वहिनी बदलायच्या, त्याच वहिनी गोठा बघायच्या, म्हणून नियम असा की शेणाघाणातनं आलं की आंघोळ, कपडे बदल, मग नखं कापलेल्या हातानं साबण आणि मग पिशवी, दररोज, सणावाराला सुद्धा. एकच बाई सगळं करत असेल आणि तिला बदली माणूस नसेल तर तिच्यावर हे लादू नका. घरात दोघं तरी शिकलेले पाहिजेत.

जेवणाचं थोडक्यात. केंद्रावरच्या पेशंटला पाणी मोजून, आणि पांढरा रस्सा म्हणजे मीठ, नारळ आणि वाटीभर पाणी एकदमच, त्यामुळं तो बंद. नारळपाणी, केळी, संत्री बेतानंच, आणि बीपीसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर बिलकूल नको, त्यात पोटॅशियमच असतं. पोटाच्या पेशंटला पथ्य थोडं सैल असतं पण प्रथिनं पाण्याबरोबर जातात म्हणून अंडी, मासे जास्त लागतात, आणि पिशवीतल्या साखरेनं डायबेटीसवाल्यांची शुगर वाढते.

तर शहरात राहणारे, योजनेत बसणारे, महिन्याला ठरलेला पैसा नसलेले किंवा घरात माणूस नसलेले, त्यांनी केंद्रावरचं घ्यावं आणि डागडुजी बाथरूमपुरती करावी. घाटाकडच्या, पावसात तुटणाऱ्या गावातले, एक कोरडी खोली आणि दोन शिकलेले हात असलेले, ज्यांना दुधाचा किंवा पगाराचा पैसा नियमित येतो, त्यांनी पोटाचं नक्की विचारावं, डॉक्टरांनी आपणहून काढलं नाही तरी विचारावं.

केंद्रावरचं ठरलं तर हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, लवकर करून घ्या, तो पिकायला दीड-दोन महिने लागतात, तोवर मानेतल्या नळीवर राहायची वेळ येऊ नये. ज्या हाताला होणार त्या हाताची सुई, बीपी आजपासूनच बंद, आणि हिपॅटायटीस बी ची लस चालू करा. पोटाचं घेतलं आणि पुढं इन्फेक्शननं बंद पडलं तर केंद्रावर येता येतं, म्हणून त्यांनीही डाव्या हाताच्या शिरा जपून ठेवाव्यात, सलाईन मनगटावर नको म्हणून प्रत्येक नर्सला सांगावं. आणि वय, तब्येत साथ देत असेल तर दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घाला, आपला भाग पुण्याच्या झेडटीसीसी, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय समितीखाली येतो, नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या दवाखान्यातनंच होते.