कॅनन एलबीपी २९००बी : जुन्या कंप्युटरला जोडायचा असेल तर

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्या कितीतरी घरांत विंडोज ७ आणि २ जीबी रॅमचा असेंबल्ड कंप्युटर अजून चांगला चालतो. मुलांचे प्रोजेक्ट, समग्र आयडीचा (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखीचा) कागद, विजेचं बिल, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, एवढ्या कामासाठी तो बदलायचं काही कारण नाही. अशा कंप्युटरला काळा-पांढरा लेझर प्रिंटर जोडायचा झाला, तर आमची पहिली पसंती आजही एलबीपी २९००बी हीच. बऱ्याच नव्या मॉडेलांचे ड्रायव्हर, म्हणजे कंप्युटरला प्रिंटर चालवायला शिकवणारे प्रोग्राम, जुन्या विंडोजवर चढतच नाहीत, याचे चढतात. तक्रार येते ती एकच, 'कंप्युटर प्रिंटरला पकडतच नाही.' या तक्रारीवरून चांगले प्रिंटर भंगारात जातात, म्हणून ती नीट उलगडून सांगणं गरजेचं वाटतं.

आधी यंत्राबद्दल. मिनिटाला १२ पानं, १५० कागदांचा ट्रे, ३०३ नंबरचं कार्ट्रिज. वायफाय नाही, स्कॅनर नाही, पाठपोट छापायला कागद हातानेच उलटावा लागतो. जोडणी फक्त यूएसबीने. महत्त्वाची गोष्ट अशी की पानाचं चित्र हा प्रिंटर स्वतः तयार करत नाही. ते काम ड्रायव्हर कंप्युटरवर करतो आणि प्रिंटर ते चित्र कागदावर उतरवतो. कॅननने या पद्धतीला सीएपीटी असं नाव दिलं आहे. त्यामुळे विंडोजमधला कुठलाही जेनेरिक, म्हणजे सगळ्यांसाठीचा सामाईक, ड्रायव्हर इथे चालत नाही आणि फोटो भरलेली जड पीडीएफ जुन्या प्रोसेसरवर रेंगाळते. साध्या मजकुराला काही अडचण येत नाही.

आता न पकडण्याचं. सुरुवातीलाच ड्रायव्हर काढून घालत बसू नका. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा, प्रिंटर चालू ठेवून केबल काढा आणि परत लावा. कंप्युटरने जोडणीचा आवाज केला नाही, यादी हलली नाही, तर दोष केबल, पोर्ट किंवा प्रिंटरच्या मागच्या सॉकेटमध्ये आहे, ड्रायव्हरचा इथे संबंधच नाही. 'अननोन डिव्हाइस' आणि कोड ४३ दिसला, तर कंप्युटरला काहीतरी जोडलंय एवढं कळतंय, पण ओळख पटत नाही. यातही बहुतेक वेळा केबल किंवा पोर्टच निघतं. यादीत 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' आलं किंवा प्रिंटरच्या नावापुढे पिवळं चिन्ह दिसलं, तर तारेचं काम ठीक आहे. मग ड्रायव्हरकडे वळा.

केबल दीड मीटरची, जाड आणि शील्ड असलेली घ्या. यूएसबी २.० ला ५ मीटरची मर्यादा आहे, पण स्वस्त तार त्याच्या खूप आधीच दगा देते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला प्रिंटर लावू नका. तो पोर्ट आतून एका बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर हमखास सैल झालेली असते. मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. हब नको, एक्स्टेन्शन नको. प्रिंटरकडचं चौकोनी टोक सॉकेटमध्ये हलत असेल तर आतल्या बोर्डवरचं सोल्डरिंग सुटलेलं असू शकतं. सॉकेट बदलून मिळतं, त्यासाठी अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते.

ड्रायव्हरमध्ये चूक होते ती क्रमाची. लोक आधी केबल लावतात, विंडोज आपल्या मनाने अर्धवट नोंद करून ठेवतं आणि मग खरा ड्रायव्हर त्या नोंदीवर अडतो. हे साफ करायचं तर प्रिंटर बंद करा, केबल काढा. 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मधून त्याची नोंद उडवा. दुसऱ्या कुठल्याही प्रिंटरच्या चिन्हावर एकदा क्लिक केलं की वर 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' दिसतं. त्यातल्या 'ड्रायव्हर्स' टॅबमधून 'ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' असा पर्याय निवडून या प्रिंटरचा ड्रायव्हर काढा. नुसती नोंद उडवली तर ड्रायव्हर मागे राहतो आणि पुन्हा तोच गोंधळ होतो. रीस्टार्ट करा, कंप्युटरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'सिस्टम टाइप'मध्ये विंडोज ३२ बिट की ६४ बिट ते बघा, कॅननच्या साइटवरून नेमका तोच ड्रायव्हर घ्या, 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने सुरू करा. केबल तेव्हाच लावा, जेव्हा इन्स्टॉलर लावायला सांगेल.

कधी साइटच उघडत नाही, ब्राउझर सर्टिफिकेटची चूक दाखवतो. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपला की कंप्युटर प्रत्येक वेळी जुन्या सालात जागा होतो आणि सुरक्षित साइट त्याला नाकारतात. सेल अगदी स्वस्तात मिळतो, दोन मिनिटांत बसतो.

प्रिंटर दिसतो पण 'ऑफलाइन' म्हणतो, हा वेगळा आजार. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज बरेचदा प्रिंटरची दुसरी प्रत बनवतं आणि पहिली निकामी होऊन पडून राहते. प्रॉपर्टीजच्या 'पोर्ट्स' टॅबमध्ये यूएसबी००१ ऐवजी यूएसबी००२ वर टिक करून बघा. नाहीतर 'सर्व्हिसेस'मध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत ठेवणारा प्रोग्राम) थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा आणि स्पूलर पुन्हा चालू करा. कंप्युटर झोपून उठल्यावरच प्रिंटर गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

आणि एक, प्रिंटर यूपीएसवर लावू नका. कागद तापवणारा फ्यूजर एकदम खूप वीज ओढतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस त्या झटक्याने ट्रिप होतो आणि कंप्युटरही सोबत बंद पडतो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या पॉइंटला जोडा.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला वापरलेला नग घेणार असाल तर दुकानातल्या कंप्युटरवर पाच पानं काढून बघा. मध्ये एकदा प्रिंटर बंद-चालू करा, तो आपोआप परत दिसायला हवा. मागचं सॉकेट हलवून बघा. एकावेळी दोन-तीन कागद ओढत असेल तर कागद ओढणारा पिकअप रोलर आणि कागद सुटे करणारा सेपरेशन पॅड झिजलेले आहेत. पावसाळ्यात मात्र आधी कोरड्या रिममधला कागद घालून खात्री करा, दमट कागदही असाच चिकटतो. पानावर डाग दर साडेसात सेंटिमीटरला परत येत असेल तर तो कार्ट्रिजमधल्या ड्रमचा, प्रिंटरचा नव्हे. अशा वेळी दुकानदाराला दुसरं कार्ट्रिज घालून पुन्हा एक पान काढायला सांगा. एचपीचं १२ए कार्ट्रिज यात बसतं, आणि बहुतेक काउंटरवर ते हाताशी असतंच.