ओल्ड बेलीची गॅलरी: ज्यूरीचा नकार बघायचा असेल तर

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रेक्षकांनी मोठ्या दरवाजाने न जाता वॉरिक पॅसेज या बोळातून शिरायचं आणि जिने चढायचे. वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी साधारण ९.५५ ते १२.४० आणि दुपारी १.५५ ते ३.४०. चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. मोबाइल, कॅमेरा, मोठी बॅग, खाणंपिणं काहीच चालत नाही, आणि सामान ठेवायची सोयही नाही. फोन मुक्कामीच ठेवून निघा. अनेकांची फेरी फुकट जाते ती या एका कारणाने. ऑगस्टमध्ये कोर्टं कमी बसतात, तेव्हा तो महिना टाळावा.

पुरावा समोर असूनही ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे बारा सामान्य नागरिक, दोषी ठरवायला नकार देते, म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथाच्या (एका ख्रिस्ती पंथाच्या) दोघांवर इथे जवळच खटला चालला. बेकायदा जमावापुढे प्रवचन केल्याचा आरोप होता. ज्यूरीला दोन रात्री अन्नाशिवाय कोंडलं, तरी ती बधली नाही. शेवटी 'निर्दोष' म्हटल्याबद्दल तिला दंड झाला. एडवर्ड बुशेल या ज्यूररने तो भरायला नकार देऊन तुरुंग पत्करला, आणि सरन्यायाधीश वॉन यांनी त्याला सोडताना ठरवलं की निकालासाठी ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. त्या बारा जणांच्या धैर्याची संगमरवरी पाटी इमारतीत आहे, पण गॅलरीच्या जिन्यावरून ती दिसत नाही. या भेटीतली ही मोठी उणीव. ज्या पाटीसाठी लोकांनी मुद्दाम यावं, तीच लोकांच्या वाटेवर नाही.

साक्षी चालू असतात त्या दिवशी गेलात तर नकाराचा मागमूसही लागणार नाही. न्यायाधीश ज्यूरीला कायदा समजावून सांगतात तो दिवस गाठा. 'याची खात्री पटली का? पटली असेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा,' अशी लेखी प्रश्नावली बहुधा ज्यूररांच्या हाती असते. बचावाचा वकील 'कायदा बाजूला ठेवा' असं म्हणू शकत नाही. तो माणूस, हेतू, परिस्थिती मांडतो आणि तिथेच थांबतो. दोषी ठरवाच, असा आदेश मात्र न्यायाधीशाला कधीच देता येत नाही. २००५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे पक्कं केलं. १९८५ मध्ये सरकारी गुपित फोडल्याचा आरोप असलेले अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांच्या खटल्यात याच इमारतीत न्यायाधीशांनी त्यांचा बचाव जवळपास मोडीत काढला होता, तरी ज्यूरीने त्यांना सोडलं. १९९१ मध्ये सोव्हिएत हेर जॉर्ज ब्लेकला तुरुंगातून पळवल्याची कबुली छापील पुस्तकात देणारे दोघेही इथूनच सुटले.

मुंबईच्या वाचकाला इथे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा खुनाचा खटला आठवणारच. १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष' म्हटलं, पण तेव्हाच्या फौजदारी संहितेच्या कलम ३०७ मुळे सत्र न्यायाधीशाला तो निकाल न पटल्यास प्रकरण हायकोर्टाकडे पाठवता येत होतं. तसं झालं आणि जन्मठेप लागली. ओल्ड बेलीत अशी वाट नाही. ज्यूरीने निर्दोष म्हटलं, की केवळ तो निकाल पुराव्याशी जुळत नाही म्हणून सरकारी पक्षाला अपील नाही.

खुद्द चर्चा बंद दाराआड होते, आणि ती बाहेर फोडणं ज्यूररसाठी गुन्हा आहे. त्यामुळे गॅलरीत बसून कोणाच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायला जाऊ नका. बाराही जणांचं एकमत न झाल्यास किमान दोन तास दहा मिनिटांनंतर न्यायाधीश ११-१ किंवा १०-२ असा बहुमताचा निकाल चालेल असं सांगू शकतात. तेवढंही जमलं नाही तर ज्यूरी बरखास्त होते आणि खटला पुन्हा उभा राहू शकतो. ही सुटका नव्हे. नवखे प्रेक्षक इथे हमखास गफलत करतात.

निकालाच्या क्षणी कान देऊन ऐका. बहुमताने 'दोषी' ठरवलं असेल तर किती विरुद्ध किती, हे फोरमनला, म्हणजे ज्यूरीच्या प्रमुखाला, भर कोर्टात सांगावं लागतं. 'निर्दोष' असेल तर आकडा विचारतच नाहीत. कारण तर दोन्हीकडे विचारत नाहीत. पुरावा कमी पडला, की बाराजणांना शिक्षा देववली नाही, हे गॅलरीतल्या कोणालाच कळत नाही.