पॅनडॉक की लिबरऑफिस : नव्या मशीनवर आधी काय बसवाल?

वेंगुर्ल्यात बसून मी लोकांच्या फाइली या साच्यातून त्या साच्यात घालून देतो. वाचनालयाचा अहवाल, जत्रेची स्मरणिका, कुणाच्या आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी. वर्डची फाइल येते, पीडीएफ किंवा ईपब, म्हणजे ई-पुस्तक, होऊन जाते. टाइप केलेल्या आज्ञेवर फाइलीचा साचा बदलणारं पॅनडॉक आणि वर्डसारखं ऑफिस-पॅकेज लिबरऑफिस ही दोन्ही मुक्तस्रोत साधनं माझ्याकडे आहेत आणि दोन्हींचं इन्स्टॉलेशन मला चांगलंच भोवलेलं आहे. आधी कुठलं बसवू, असं विचारलंत तर मी पॅनडॉक म्हणेन. पण जरा दबकतच, कारण पहिल्या दिवशी जास्त छळतं ते पॅनडॉकच.

पॅनडॉक उतरवायला हलकं, चाळीसेक एमबी. बसवून झालं की आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी, म्हणजे आज्ञा टाइप करायचं टर्मिनल, त्याला ओळखतच नाही. ती बंद करून नवी उघडायची, एवढंच. खरी मेख पीडीएफला. पीडीएफ पॅनडॉक स्वतः करत नाही, दुसऱ्याकडून करून घेतं, आणि तो दुसरा म्हणजे ठरलेला पीडीएफलाटेक, अक्षरजुळणी करून पीडीएफ काढणारा प्रोग्राम. तो मशीनवर नसेल तर 'सापडला नाही' म्हणून थांबतं. मग जो तो सांगतो, तो ज्या संचात येतो ते अख्खं टेकलाइव्ह बसव. म्हणजे पाच जीबीच्या वर. जुलै महिना, खिडकीच्या गजाला टांगलेला मोबाइल, त्याचा हॉटस्पॉट आणि दर तासाला जाणारी लाइट. दोन रात्री गेल्या त्यात. शेजारचे काका छत्री झाडत विचारायचे, "झाला काय रे?" आणि मी मान हलवायचो.

झालं एकदाचं, तर पीडीएफलाटेकने पहिल्याच देवनागरी अक्षराला हात टेकले. देवनागरी चालणारं त्याचंच भावंड झीलाटेक लावलं. पीडीएफ निघाली. उघडून बघतो तर पानभर फक्त स्वल्पविराम, कंस आणि मध्येच एक 2019. मराठी मजकूर गायब! काळ्या खिडकीत मात्र ओळीमागून ओळ आलेली होती : अमुक अक्षर या फाँटमध्ये नाही, तमुक नाही. मूळचा लॅटिन फाँट, त्याच्यात आपला 'क' कुठून असणार? मेनफाँट, म्हणजे मुख्य फाँट, म्हणून नोटो सेरिफ देवनागरी सांगितला आणि पान भरलं.

लिबरऑफिसला यातलं काहीच करावं लागत नाही, हे मान्य करतो. साडेतीनशे एमबीच्या आसपास एकच पॅकेज, आत सगळं. मशीनवर मराठी फाँट असला की मराठी दिसते, पीडीएफचं बटण समोर. महिन्याला चारच फाइली करायच्या असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही, तेच बसवा.

माझं बिनसलं ते चाळीस फाइली एकदम करायला घेतल्या तेव्हा. हेडलेस रीतीने, म्हणजे खिडकी न उघडता एका आज्ञेत सगळं उरकायचं होतं. आज्ञा दिली, एंटर मारलं, पुढची आज्ञा मागणारा प्रॉम्प्ट परत आला. फोल्डर रिकामं. चूक झाली असंही नाही, झालं असंही नाही. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. माझंच काही चुकलं असेल म्हणून सगळं काढून परत बसवलं, पुन्हा साडेतीनशे एमबी, तरी गप्पच. पॅनडॉक निदान भांडतं तरी!

कारणं दोन निघाली. विंडोजवर लिबरऑफिस चालवणाऱ्या सॉफिस नावाच्या दोन फाइली असतात. 'एक्झी'वाली खिडक्यांसाठी, ती काळ्या खिडकीत अवाक्षर काढत नाही. बोलणारी ती 'कॉम'वाली. मी कुठूनतरी उचललेल्या आज्ञेत पहिली होती. आणि मागे रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या लेखन-खिडकीत, एक अहवाल उघडाच राहिला होता. एकाच प्रोफाइलवर, म्हणजे सेटिंगांच्या एकाच फोल्डरवर, खिडकी आणि हेडलेस काम यांचं माझ्याकडे जमलं नाही. सगळ्या खिडक्या बंद केल्यावर, नाहीतर आज्ञेत वेगळं प्रोफाइल दिल्यावर, चाळीसच्या चाळीस फाइली झाल्या. काम चोख. पण ते दोन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

पॅनडॉककडे ओढा वाढायला आणखी एक कारण झालं. 2023 मधल्या 3.1.2 या आवृत्तीपासून त्याला पीडीएफसाठी टिप्स्ट चालतं. टिप्स्ट म्हणजे पीडीएफलाटेकचंच काम करणारा दुसरा प्रोग्राम, एकच छोटी फाइल. टेकलाइव्ह नको, रात्र जागायला नको. मात्र उबुंटू लिनक्स वापरणाऱ्यांनी जपून. उबुंटू 22.04 च्या भांडारातून येतं ते पॅनडॉक 2.9.2.1, त्याला टिप्स्ट माहीतच नाही. पॅनडॉक प्रकल्पाच्या गिटहब पानावरून डेब फाइल, म्हणजे उबुंटूवर बसवायचं पॅकेज, घेऊन बसवावी.

काही कामांत मात्र लिबरऑफिसला पर्याय नाही. वर्डची जुनी डॉक फाइल पॅनडॉक वाचत नाही, त्याला डॉकएक्स लागते. तक्ते, रकाने, जाहिरातींच्या चौकटी जिथल्या तिथे हव्यात तर पॅनडॉकच्या वाटेला जाऊ नका. ते मथळे, याद्या, तळटीपा उचलतं, पानाची सजावट सोडून देतं. आणि आपल्याकडे युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फाँटांतले मजकूर पुष्कळ. फाइलीत असतात रोमन चिन्हं, मराठी दिसते ती फाँटच्या जोरावर. पॅनडॉक फाँट टाकून देतं आणि हातात उरतो चिन्हांचा काला. तो फाँट मशीनवर असेल तर लिबरऑफिसची पीडीएफ निदान वाचता येते.

म्हणून मी लिबरऑफिस काढलेलं नाही. जुनी डॉक आली की त्यातून डॉकएक्स करून घेतो, पुढचं पॅनडॉक बघतं. फक्त आज्ञा देण्याआधी रायटर कुठे उघडा नाही ना, हे खालच्या पट्टीत दोनदा बघतो.