सुपरनॅचरल: पंधराही सीझन पाहून झाल्यावर

गेले कित्येक महिने रात्रीच्या जेवणानंतर एखाद-दुसरा भाग, असं करत 'सुपरनॅचरल' संपवली. 2005 ते 2020, एकूण 327 भाग. सुरू केली भुताखेतांसाठी, पण टिकून राहिले ते एका प्रश्नापायी: सगळं आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर माणसाने घेतलेल्या निर्णयाला काय किंमत? (पुढे कथानक उघड केलं आहे.)

पहिले तीन सीझन म्हणजे भुताखेतांची शिकार करणारे सॅम आणि डीन विंचेस्टर हे भाऊ, 1967ची काळी इम्पाला आणि दर भागाला नवं भूत. बघायला छान. पण मालिकेचा खरा जीव चौथ्या सीझनपासून, कॅस्टिएल हा देवदूत आल्यावर. त्याच सीझनमध्ये चक नावाचा एक लेखक भेटतो. तो लिहितो तेच या भावांच्या बाबतीत घडतं. मग दोघं ठरवून उलटं वागतात. डीन हॉटेलात टोफू बर्गर मागवतो, चवीने खातो, आणि वेट्रेस येऊन सांगते की चुकून बेकनवाला दिला गेला! प्राक्तनाची पकड किती घट्ट, हे एवढ्याशा प्रसंगातून अंगावर येतं.

पाचवा सीझन तर अप्रतिम. शेवटच्या लढाईसाठी मायकेल या मुख्य देवदूताला डीनचं शरीर हवंय, ल्युसिफरला, म्हणजे सैतानाला, सॅमचं. सॅम-डीनच्या आईवडिलांचं जमलं तेसुद्धा स्वर्गाच्या हुकमावरून. आपली सटवाई निदान बाळ जन्मल्यावर सहाव्या दिवशी लिहायला येते; इथे त्याच्याही आधीपासून तयारी! तरी एक फट राहते. माणसाने स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय देवदूताला त्याच्या शरीरात शिरता येत नाही. अख्खा सीझन त्या एका होकारावर तोलून धरला आहे. शेवटी स्टल स्मशानभूमीत ल्युसिफर सॅमच्या हातांनी डीनला रक्तबंबाळ करत असतो, डीन हात उचलत नाही, आणि सॅमची नजर गाडीच्या अ‍ॅशट्रेवर जाते. लहानपणी त्याने कोंबलेला खेळण्यातला सैनिक अजून तिथेच अडकलेला. तेवढ्याने तो स्वतःवर ताबा मिळवतो आणि मायकेललाही ओढून घेत ल्युसिफरला कोंडायच्या खड्ड्यात उडी मारतो. कोणाच्याही भाकितात नसलेली गोष्ट, आणि त्यासाठी स्वतःचा जीव पणाला. मी रडले.

निर्माता एरिक क्रिपकेने यानंतर सूत्रं सोडली आणि तो फरक जाणवतो. मधले बरेच सीझन रेंगाळतात. अकराव्यात चक हाच देव असल्याचं उघड होतं, चौदाव्याच्या शेवटी तोच खलनायक ठरतो. इथे मला मालिका थिटी वाटली. बंडसुद्धा देवाच्याच कथेचा भाग असेल, तर बंड उरलं कुठे? 'यातलं खरं काय?' या डीनच्या प्रश्नाला कॅस्टिएल 'आपण' असं उत्तर देतो. सुंदर क्षण आहे, पण मालिका त्याच्या खोलात जात नाही.

शेवटच्या भागावर चाहते चिडले. देव हरलेला, आणि डीन जातो तो एका साध्या शिकारीत, लोखंडी सळई पाठीत घुसून. मला मात्र तो मृत्यू पटला. लिहिणाराच उरला नाही म्हटल्यावर मरण असंच येणार, कसलाही मोठा प्रसंग न बांधता. त्याचं मरण आता त्याचं स्वतःचं होतं.

वेळ कमी असेल तर चौथा आणि पाचवा सीझन सलग बघा. पुढचं डीन आणि कॅस्टिएलवर जीव जडला तरच.