स्ट्राँगची शब्दसूची: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातले ४० आणि ४१ हे अध्याय नीट कळावेत, एवढ्यासाठी मी हा जाडजूड ग्रंथ जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला. किंग जेम्स या इंग्रजी बायबलमधले शब्द जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली अकारविल्हे लावले आणि त्यांच्या मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. हिब्रू लिपी येत नसली तरी क्रमांकाचं बोट धरून मूळ शब्दापर्यंत पोचता येतं. अक्षर मात्र फार बारीक, भिंग लागतंच.

या अध्यायांत देव ईयोबाला बेहेमोथ आणि लिव्याथान या दोन अजस्र प्राण्यांचं वर्णन ऐकवतो. सुरुवातीला मी हे प्राणी ओळखत बसलो. बेहेमोथ, क्रमांक ९३०: पाणघोडा. लिव्याथान, क्रमांक ३८८२: सर्प, विशेषतः मगर. पण वर्णनात आहे तशी पाणघोड्याची आखूड शेपटी गंधसरूसारखी कशी? आणि तोंडातून मशाली, नाकपुड्यांतून धूर सोडणारी मगर कुठली? दोन महिने यातच गेले.

वाट दाखवली ती क्रमांकानेच. ३८८२ खाली लिव्याथानाशेजारी चक्क 'शोक' हा शब्द होता! ईयोब ३:८ मध्ये इंग्रजीत 'शोक' छापलंय, मूळ हिब्रूत लिव्याथान आहे. तिथे ईयोब आपल्या जन्मदिवसाला आणि गर्भधारणेच्या रात्रीला शाप देतोय. पुढच्याच वचनात क्रमांक ६०७९, पापण्या: त्या रात्रीला पहाटेच्या पापण्या दिसू नयेत. इंग्रजीत तिथे नुसतं 'उजाडणं' आहे. आणि ४१:१८ मध्ये लिव्याथानाचे डोळे कसे? पहाटेच्या पापण्यांसारखे. हे जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अंधार मागताना ईयोबाने ज्याचं नाव घेतलं, त्याच्याच डोळ्यांत देव त्याला पहाट दाखवतो. मगर की आणखी काही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मागे पडला.

उणीव आहे ती काळाची. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे उगारित या प्राचीन शहराच्या मातीच्या पाट्या १९२९ पासून सापडू लागल्या. त्यांत बआल या देवाच्या कथेत सात डोक्यांचा लितान येतो, 'पळता सर्प, वेटोळा सर्प'. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात २७:१ मध्ये लिव्याथानासाठी आलेले शब्द जवळपास तेच. स्तोत्र ७४:१४ मध्ये लिव्याथानाला अनेक डोकी का, तेही मग उमगतं. १८९० च्या ग्रंथात हे कुठून असणार? म्हणून सोबत अलीकडचा हिब्रू शब्दकोश ठेवाच. आणि हिब्रू प्रतीत ४१:१ हे वचन ४०:२५ म्हणून येतं, तिथे गोंधळू नका.

लिव्याथान हा शब्द हिब्रूत सहाच वेळा येतो. सगळ्या जागा मी एका कागदावर उतरवून ईयोबात ठेवल्या आहेत. सध्या स्तोत्र १०४:२६ वाचतोय. तिथे हाच लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी घडवलेला आहे.